पान एकशे बारा

जळगावच्या रद्दीवाल्यानं ते किलोच्या भावात दिलं,
शेअरबाजाराचं पुस्तक, मेणबत्त्यांचं:
हिरव्या कांड्या, लाल कांड्या,
वात वर, वात खाली,
आणि त्यावरून बाजाराच्या पोटातलं ओळखायचं.
पहिल्या पानावर निळ्या शाईत
डिगंबर नथू वायकोळे, सावदा.

या माणसानं पट्टी धरून रेघा मारल्या होत्या.
'तोटा लहान असतानाच कापावा' : दोन रेघा.
'बातमी छापून आली म्हणजे संपली' : तीन,
आणि समासात उद्गारचिन्ह.
एकशे बाराव्या पानावर
पेन्सिल अर्ध्या वाक्यात थांबते.
पुढं कोरं. एक डाग, चहाचा असावा.

माझं दुकान यावलला, तहसीलसमोर.
सव्वानऊला बाजार उघडतो,
साडेनऊपर्यंत झेरॉक्स तापते.
सातबारा, दोन प्रती. आधार, मोठा करून.
झाकणाखालून उजेड सरकतो
तेवढ्यात मी मोबाइलवर एक कांडी बघून घेतो.
एसटीनं आलेला पेपर मागून वाचतो,
आधी अर्थ, मग निधन, मग देश.

त्या मंगळवारी टीव्हीतली कोटवाली माणसं म्हणाली,
निकाल जोरदार.
जोरदारच होते.
मी दोनशे घेतले
आणि शेअर दोर सुटलेल्या बादलीसारखा खाली.
कापायला बोट नेलं, अकरा वीसला लाइट गेली,
राउटर गेला,
टॉवरनंही मान टाकली.
बाहेर चव्वेचाळीस डिग्री.
उत्पन्नाचा दाखला हातात धरून एक बाई उभी,
म्हणाली, "येईन ना भाऊ?"
"येईल," मी म्हटलं.
ती लाइटचं विचारत होती.

चार हजार सहाशे.
घरी सांगितलं, टोनर बदलला.

रविवारी पुस्तक डिकीत टाकून सावदा गाठलं.
वाटलं होतं, एक तर बुडालेला माणूस भेटेल
नाही तर तीन मजली बंगला.
वायकोळे भेटले बनियनवर, पत्र्याच्या शेडमध्ये,
कढईत केळीचे वेफर्स उलटत.
हात पुसून आधी स्वतःचं नाव वाचलं,
मग माझ्याकडे पाहिलं.
मी विचारलं, एकशे बाराला काय झालं?
मंदी? घरचं काही?
"पेन्सिल संपली," म्हणाले,
"नवी आणाची राहूनच गेली."
झारा निथळवला. मग जरा हळू,
"काय लिव्हेल आहे पुढे?"

मी पान उलटलं.
तोंड उघडलं, मिटलं.
आठ महिने रोज रात्री काढत होतो ते पुस्तक
आणि वाचत होतो
फक्त रेघांवरचं.

"थांब, ग्यास बारीक करतो," वायकोळे म्हणाले.
"वाच. मोठ्यानं वाच."