इतर

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलच्या लेखी
माणसं तीनच प्रकारची:
मालक, गट, आणि इतर.
पहिल्या धड्याचं हे पहिलं वाक्य
मी अकरा वेळा खोडलं.

बाहेर लिएपायाचा वारा.
तो नोव्हेंबरात कामावर रुजू होतो
आणि मेपर्यंत रजा घेत नाही.
आरमारी वस्तीतल्या या चौथ्या मजल्यावर
खिडकीच्या फटीत मी जुने मोजे कोंबलेत.
टेबलावर एक सर्व्हर घरघरतो;
पाणीपुरवठा खात्यानं मला निवृत्त केलं
त्याच दिवशी त्यालाही केलं.
आम्ही दोघं मिळून अभ्यासक्रम लिहितो.
फुकट. कुणीही न्यावा, मोडून पाहावा,
नीट करून परत ठेवावा.

खालच्या मजल्यावरचा इंदुलिस विचारतो,
कुलपाची विद्या अशी चव्हाट्यावर मांडतात का?
मी म्हणते, चोरांची शिकवणी केव्हाच उरकली,
मागे राहिलेत ते पहारेकरी.
तो मान हलवतो, आणि मांजरासाठी
जिन्याचं दार उघडं टाकून झोपायला जातो.

मी लहान असताना ही वस्ती नकाशावर नव्हती.
कालव्याच्या पुलावर शिपाई उभा असे.
आई पलीकडे खलाशांच्या चादरी धुवायची.
तिच्याकडे एक पिवळट कागद होता, त्याचा अर्थ:
आत जाता येईल, पाहता येणार नाही.
मी पुलाच्या अलीकडे थांबायचे, हात बगलेत धरून.
गटात नव्हते, मालक तर नव्हतेच.
म्हणून असेल,
तो तिसरा शब्द सरळ आवाजात
अजून शिकवता येत नाही.

चौथ्या धड्यानंतर पत्र आलं,
बोबो-दिउलासोहून, अजारातू सानूचं.
ती रात्रपाळीत एका दवाखान्याची यंत्रं सांभाळते
आणि वीज असेल तेवढं शिकते.
"मादाम, धडा समजला,
म्हणून सरावाच्या यंत्रावर करून पाहिला.
तुमच्या धड्यांचा फोल्डर सात-सात-सात आहे.
मी कशाला हात लावला नाही.
एक रिकामी फाइल तेवढी ठेवली,
तुम्हाला खोटं वाटू नये म्हणून."

सात-सात-सात.
कुणीही वाचा, कुणीही खोडा, कुणीही या.
कधीतरी मध्यरात्री काही चालेना
म्हणून मीच केलं असणार, घाईत, उद्या बघू म्हणत.
तेहतीस वर्षं याच तीन आकड्यांवरून
मी पोरांना फैलावर घेतलं.
कॉफी करायला उठले.
पाणी उकळून आटून गेलं.

मग मालकाचे सात राहू दिले.
गटाला पाच.
शेवटच्या आकड्यावर बोट अडलं.
शून्य टाकलं की प्रश्न मिटतो,
कुठलाही शहाणा शून्यच सांगेल,
पुलावरच्या शिपायाला तर दुसरा आकडा ठाऊकच नव्हता.
पाच टाकले.
या, वाचा. लिहायचं असेल तर हाक मारा,
मी जागीच असते.

पाचवा धडा आता माझ्या चुकीपासून सुरू होतो.
अजारातूचं नाव माझ्या नावाखाली आहे,
ती म्हणते, स्पेलिंग चुकलंय, सुधारून पाठवते.

रिकामी फाइल मी पुसली नाही.
शून्य बाइट. आत काही नाही.
बाहेर तारीख, पहाटेची वेळ,
आणि मालकाच्या जागी
मी नव्हे, ती.