मोजणी

साखळी तेहतीस फुटांची.
चारी बाजूंनी ताणली की एक गुंठा,
गुंठ्याचे सोळा आणे.
हे मला कोष्टी भाऊसाहेबांनी शिकवलं
नोकरीच्या पहिल्या दिवशी,
सांगलीत, कुपवाड रस्त्याच्या एका मोकळ्या जागेत.
तिथं बाभळी होत्या आणि कुणाची तरी सात गाढवं.

दोन एकर अकरा गुंठे. मालक : नगरपालिका.
नकाशावर पिवळा रंग, त्यात बारीक अक्षरात
‘बेघरांसाठी घरे’.
तो पिवळा मीच भरला होता,
ब्रश बशीच्या काठावर निथळून,
रेघेबाहेर थेंब जाऊ न देता.

मग ती जागा मी सहा वेळा मोजली.
सर्कस आली तेव्हा.
फटाक्यांच्या स्टॉलांना दर दिवाळीला मोजत नाहीत,
पण एका वर्षी भांडणं झाली म्हणून.
कुणाचं तरी हेलिकॉप्टर उतरणार होतं, तेव्हा
चुन्याचा गोल मारला, मापात.
पालिकेची महापालिका झाली तेव्हा,
फक्त मालकाच्या रकान्यात ‘महा’ लिहायला.
जागा दर वेळी तेवढीच भरली.
एकदा दोन आणे कमी :
शेजारच्या दवाखान्याचा जिना आत उतरला होता.
मी लिहिलं. साहेबांनी खोडलं.

गाव तोवर खाली पसरत गेलं, नदीकडं,
जमीन काळी होती आणि परवडत होती.
स्टॅम्पपेपरवर, साक्षीदाराच्या अंगठ्यावर
लोक गुंठा गुंठा घेत गेले.
मीही घेतला. दीड गुंठा.
निळ्या पूररेषेच्या आत, हे मला दुसऱ्यानं सांगायला नको,
ती रेघ माझ्याच टेबलावर आखलेली.
पगारात दुसरं काही बसत नव्हतं.

त्या ऑगस्टमध्ये
पुलावरचे फूट रेडिओ सांगत होता,
आणि आमच्या ओट्यावरचे मी.
बोटीतून काढलं, टेम्पोत घातलं,
टेम्पो थांबला तर समोर माझी जागा.
अकरा दिवस.
दोनशे चौदा कुटुंबं, निळ्या ताडपत्र्या, एक टँकर.
इतक्या वर्षांत आरक्षणाची अंमलबजावणी
तेवढीच झाली. ती कृष्णेनं केली.
ठराव नाही, निविदा नाही.

शेजारच्या ताडपत्रीत शेवंता ऐवळे.
मार्केट यार्डात हळद निवडते,
तळहात धुऊन धुऊनही पिवळे.
तिनं चुलीच्या राखेनं जमिनीवर रेघा ओढल्या :
ही मोरी, हितं पोराचं दप्तर,
हितनं सूनबाई आत येणार.
पोरगं तिसरीत होतं.
मला ओळखून म्हणाली,
‘सायेब, तुमच्या साखळीनं बघा की जरा,
माझं सैपाकघर कंच्या आण्यात येतंय?’
मी हसलो. साखळी पाण्याखाली होती, म्हटलं.
ते खरं होतं. सोळा आणे नाही.

पाणी उतरलं. टेम्पो परत आले, त्याच दिशेनं.
गाळ काढला, भिंतीवरची ओल तशीच ठेवून रंग दिला.

सातवी मोजणी निवृत्तीच्या आधीची.
फेरबदलाचा प्रस्ताव : पिवळ्याचा निळा,
निळा म्हणजे आता दुकानं, तळघरात पार्किंग,
वर बँक्वेट हॉल.
नवं यंत्र तिपाईवर उभं राहतं, साखळी लागत नाही.
पोरगा बटण दाबत होता.
मी चालत होतो गवतातून,
त्रेचाळिसाव्या गुंठ्यात पायाला ठेच लागली.
तीन दगड. काळे.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
‘चूल, एक. वापरातील.’
साहेब म्हणाले, चूल म्हणजे बांधकाम नव्हे,
आणि वापरातील कशावरून?
मी म्हटलं, अजून कुणी हलवले नाहीत.
त्यांनी खोडलं की नाही ते मला कळलं नाही,
फाइल वर गेली, मी घरी आलो.

जुनी साखळी आता दोरीच्या जागी आहे,
बायको तिच्यावर गोधड्या वाळत घालते.
मागच्या आठवड्यात ती काढली,
रिक्षा करून गेलो. वॉचमननं विचारलं, काय हरवलंय?
पत्रे उभे राहिलेत चहूबाजूंनी,
पण एक पत्रा सुटलेला आहे.

शेवंताबाई,
सातव्या आण्यात येतंय.
खिडकी पूर्वेला निघते.