खेळून पाहिलेल्यांची वही

मे महिना, शेचाळीस अंश.
नंदनवनातली वरची खोली,
कूलरपुढे चार खुर्च्या, एक डावीकडे ओढणारा कंट्रोलर
आणि माझा दोन वर्षांचा बैल.

बैल म्हणजे लाकडी, तान्ह्या पोळ्याचा.
पायांना चाकं, शिंगांना बेगड.
इतवारीच्या गच्च्यांवरून उड्या मारत जातो:
टाकीवरून कूलरवर, कूलरवरून
वाळत घातलेल्या सतरंजीवर, तिथून थेट फळ्यांवर.
हिरवी फळी धरून ठेवते.
लाल फळी पाय पडताच सुटते.
नियम एवढाच. बाकी नुसता रंग:
गुलाबी आभाळ, जांभळ्या वायरी, पोपटी मांजरं.
संत्रं एकही नाही. मुद्दाम.

पोट्टे आले, खेळले, बोलले.
मी वहीत लिहीत गेले.

सुगत म्हणाला, उडी ढिली आहे ताई,
तुमचा बैल पडत नाही, उतरते.
कटलेल्या पतंगासारखा.

आफरीन तिसऱ्या गच्चीवर बावीसदा मेली.
तेविसाव्यांदा मला जे म्हणाली
ते वहीत नाही.
सव्विसाव्यांदा पार झाली, घाम पुसला,
म्हणाली, अजून कठीण पाहिजे होतं.

शेजारची ओजल, वय सहा.
तिनं बैल टाकीवर नेला आणि बसवून ठेवला.
घड्याळ संपलं, बैल मेला.
रडली नाही. फक्त विचारलं,
बसलं तर काऊन मरते?

आई पन्ह्याचे ग्लास घेऊन दारात:
चाकं आहेत ना त्याले? मग उडते कसा?

याचं उत्तर दोन वर्षं माझ्याकडे नाही.

खुशाल धापोडकर सगळ्यात शेवटी बसला.
गोळीबार चौकातला. वडील सूत रंगवायचे.
पहिल्याच गच्चीवर मेला, नऊ वेळा,
त्याच एका फळीवर.
पोट्टे हसले. अबे, लाल आहे ते!
तो म्हणाला, हो का.
मग ओठ हलवत मोजायला लागला,
तिसरी सुटते, पाचवी सुटते, सहावी नाही,
पाढा म्हणावा तसा
शेवटच्या गच्चीपर्यंत गेला.
कसा वाटला? विचारलं.
चांगला आहे, म्हणाला.
मी वहीत काहीच लिहिलं नाही.

जिन्यात चपला घालताना बोलला.
आमच्याकडे बाबा लडीला गाठ मारून ठेवत,
लाल सुताला एक, हिरव्याला दोन.
मांडणीवरून मी बरोबर लडी काढून देई.
गिऱ्हाईक म्हणे, पोराला काय रंगाची नजर आहे!
आणि गाडीला किक मारली.

त्या रात्री लाइन गेली नाही, हेच नवल.
मी फळ्यांना गाठी मारत बसले.
लालला एक, हिरवीला दोन,
एकशे चौऱ्याहत्तर फळ्या.
पहाटे टाकीवरचं घड्याळ काढून टाकलं.
चाकं तशीच ठेवली.

रविवारी पुन्हा सगळे.
सुगतला गाठी खटकल्या:
किती साफ रंग होते ताई,
हे दोरे कायले लोंबवले?
आफरीन म्हणाली, आता फारच सोपं झालं,
आणि पुन्हा तिसऱ्या गच्चीवर मेली.
ओजल टाकीवर बसली, बैलही बसला.
आभाळ गुलाबीचं जांभळं झालं.
तिचं पन्हं संपलं तरी दोघं बसूनच.

मग खुशाल.
या वेळी ओठ हलले नाहीत.
एक गच्ची, दुसरी, तिसरी,
फक्त कूलरचा आवाज
आणि चाकं टेकल्याची टकटक.
कुणी हसलं नाही. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत.
शेवटच्या गच्चीवर तो थांबला,
बराच वेळ पडद्याकडे पाहत,
बहुधा शिंगांवरच्या बेगडाकडे.
ती त्याला कशी दिसते, मी विचारलं नाही.
वही उघडी, पेन हातात.

तो कंट्रोलर खाली ठेवत म्हणाला,
सुगत बरोबर बोलला होता.
उडी ढिली आहे.