कोळसा उगाळताना

नीथच्या वर, दरीत, ओढा केशरी वाहतो.
बंद खाणीचं पाणी. पंप थांबले
तेव्हापासून डोंगर आतून भरत गेला
आणि एके वर्षी पायथ्याशी पाझरू लागला, गंज घेऊन.
एमरिस त्याला आपली पेन्शन म्हणतो.
शनिवारी आम्ही बादल्या घेऊन जातो,
तळाचा गाळ चमच्यानं खरवडतो.
तो जुन्या पडद्यातून गाळतो, केकच्या ट्रेमध्ये वाळवतो.
वाळलेलं ढेकूळ चिमटीत फुटलं
आणि मला ओळख पटली.
गेरू, मी म्हटलं.
ओकर, तो म्हणाला.
दोघांनी एकमेकांचा शब्द बिघडवला आणि कामाला लागलो.

रंगवायचं काय, तर कबुतरखान्याचं दार.
कबुतरं नाहीत आता. दार आहे.

चॅपल पाडलं तिथली अर्धी वीट त्यानं कोटाच्या खिशातून आणली.
लग्न झालं होतं त्याचं तिथं; आता गाड्या लागतात.
सांगलीहून आणलेला माझा खलबत्ता तिच्यापायी गेला,
त्यात पुन्हा वेलची कुटायची नाही.
आणि वीट हट्टी. पाच वेळा चाळली
तरी भातात खडा लागावा तशी
ब्रशखाली लागायचीच.

दूध टेस्कोतलं, पिवळ्या लेबलाचं, मुदत आज संपणारं.
व्हिनेगर घालून मी ते मुद्दाम नासवलं.
दूध नासलं म्हणून आयुष्यभर बोलणी खाल्ली,
इथं टाळी मिळाली.
चोथ्यात चुना कालवला, तासाभरात सरस.

मग काळा.
कोळशाचं एकच ढेकूळ होतं त्याच्याकडं,
शेवटच्या पाळीचं, खिडकीत, बायकोच्या फोटोशेजारी.
हे नको, मी म्हटलं.
मग कुणासाठी ठेवू? तो म्हणाला, आणि हातोडी घेतली.

काचेवर पूड, पुडीवर जवसाचं तेल,
वरून काचेचा गोटा फिरवायचा आठच्या आकड्यात,
इंग्रजी आठ, आपला नव्हे,
आपल्या आठाला परत यायची वाट नाही.
हात फिरताना त्याला म्हण सांगितली:
कोळसा उगाळावा तितका काळाच.
तो हसला. हसण्याचा खोकला झाला.
बराच वेळ मी गोटा थांबवून उभी.
मग त्यानं बोटावर थेंब घेतला,
कागदावर पातळ, आणखी पातळ ओढला.
काठाला तपकिरी उतरला,
कोऱ्या चहासारखा.
तुमच्या लोकांनी पुरेसा उगाळलेला दिसत नाही, म्हणाला.

मी एक्स-रे काढते, नीथच्या दवाखान्यात.
मंगळवारी तो माझ्याच यंत्रापुढं उभा होता,
हनुवटी वर, खांदे पुढं, उघडी पाठ माझ्याकडं.
श्वास घ्या. धरून ठेवा.
पडद्यावर सगळं उलटं असतं: हवा काळी,
आणि कोळसा जिथं जिथं बसला
तिथं पांढरे ठिपके,
दारात ठिपक्यांची रांगोळी मांडून
रेघा जोडायच्या आधीच कुणीतरी उठून गेल्यासारखे.
आम्ही काही सांगायचं नसतं. रिपोर्ट डॉक्टर देतात.
सोडा श्वास, एवढंच म्हणाले,
आणि शर्टाची बटणं लावून होईपर्यंत
उगाच कीबोर्ड पुसत बसले.

आज तो काही विचारत नाही.
म्हणतो, पांढरा राहिलाय.
अंड्याची टरफलं उकळून, पापुद्रे सोलून
मी आठवडाभर वाटलीत.
पण लावला तर फळीवर काहीच नाही, नुसती ओल.
हा तर दिसतच नाही, तो म्हणतो.

ओला असताना दिसत नाही, मी म्हणते.
वाळला की येतो वर.

म्हटलं, आणि ऐकलं मी काय म्हटलं ते.
नळ सोडून ब्रश धुवत राहिले,
केशरी गेलं, विटकरी गेलं,
पाणी कधीच स्वच्छ झालं होतं.

मागून तो म्हणाला, मघाशी काय म्हणालीस त्या मातीला?
गेरू.
गे-रू.
या वेळी बरोबर जमला त्याला.