दांडी की पेडल

नईम मिस्त्रीनं हजिऱ्याच्या भंगारातून
पेडल आणलंय, जुन्या मारुतीचं.
म्हणतो, बसवू या काका. दोन्ही हात सुकाणूला,
पाय उचलला की बोट आपोआप मंद.
हातातली दांडी काय, जिथं सोडाल तिथंच राहते,
तुम्ही पाण्यात पडलात तरी.

खरं आहे त्याचं.
तिघऱ्यावर वारा उलटा फिरला
की एका हातानं वळण, एका हातानं वेग.
मग खांदा रात्रभर बोलत राहतो.

बोट अजून लष्करातल्या आमच्या गल्लीत, ट्रेलरवर.
आत बसून मी
न जोडलेलं पेडल दाबून बघतो.
खालून शितोळ्यांचा पोरगा तोंडानं इंजिन चालवतो,
घुर्र… घुर्रर्र…
"आजोबा, सोडा आता!"
मी तर केव्हाच सोडलंय.

वाकून बघतो.
पाय तिथंच. पुरता दाबलेला.

परवा दत्तमंदिरातून
एकाच चपलेनं घरी आलो,
शरयूला सांगितलेलं नाही.

नईम पाना घेऊन उभा.
दांडीच राहू दे, म्हणतो मी, तेल दे तिला.
पेडलचे पैसे घेऊन जा.
आणि एक दोरी बांध,
माझ्या मनगटापासून इंजिनच्या बटणापर्यंत.
मी पडलो
तर निदान बोटीला कळू दे.