दस्ता

ठेव टेबलावर, ओसाने. नळ्या भिंतीकडे.
रिकामी आहे म्हणतेस, तरी मी उघडून बघणारच.
माझ्या उस्तादाला डाव्या हाताला तीनच बोटं होती;
नसलेल्या दोघांनी मला ही सवय लावली.

ओळखली. प्रुदेनची दुनळी.
छत्तीस वर्षांपूर्वी, एइबारच्या याच खिडकीत
मीच हिचा दस्ता डावीकडे वाकवला होता.
डावखुरा तुझा बाप, आणि मानेने बगळा.
माथ्यावरचा हा चकचकीत डाग दिसतो?
पॉलिश नाही ते. गाल आहे.
दर ऑक्टोबरला खिंडीत कबुतरांची वाट बघत
टेकवलेला.

आता तू उचल. नेम धरू नकोस.
डोळे मीट. खांद्याला लाव.
उघड.
काय दिसतं? मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

नळीची डावी कड, म्हणालीस,
आणि टोकाचा मणी अर्धा बुडालेला.

मग बरोबर. तू बापाच्या जागेवरून बघते आहेस.
म्हणून गेला हंगामभर तुझे छर्रे
डावीकडे, खाली, कुणाच्या तरी गवतात गेले
आणि घरी येऊन तू स्वतःला शिव्या दिल्यास.
दंडावरचा जांभळा डाग मी मघाशीच पाहिला.
दस्ता लांब आहे तुला. खांदा सोडून दंडावर घसरतो.

हिला मागची माशी नसते, पोरी.
मागची माशी म्हणजे तुझा डोळा.
डोळा कुठे थांबेल ते गाल ठरवतो,
गाल कुठे टेकेल ते लाकूड.
माणसं उलटं करतात. मान मोडतात, श्वास चोरतात,
जणू बंदुकीला अवघडायला नको.

जवसाचं तेल तापलंय.
मनगटाला फडकं गुंडाळायचं (दस्त्याच्या, तुझ्या नाही),
पळीने ओतत राहायचं
गाभ्यापर्यंत ऊब पोचेतो.
मग साच्यात. स्क्रूला पाव फेरा. थांबायचं.
अक्रोड तुटण्याआधी बोलतो,
शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलावी इतकंच.
आणखी पाव फेरा.

चार मिलिमीटर हवेत, मी सहा वाकवतो.
दोन रात्रीतून माघारी येतील.
लाकूड कबूल होतं, पण सगळं नाही.

लांबी मात्र वाकवून कमी होत नाही.
करवत लावताना हवं तर बाहेर जा,
पुष्कळ जण जातात.
तू गेली नाहीस. पावाच्या कापासारखा तुकडा
तळहातावर घेऊन उभी राहिलीस.

गुरुवारी, मागच्या अंगणात,
पत्र्याला चुना फासून मध्ये काळा ठिपका.
सोळा पावलं. पाच बार, विचार न करता.
तिथे एक बोट चुकलं तर इथे
बोटाचा सोळावा भाग, एवढा साधा हिशोब.
डावं-उजवं नीट बसलं होतं.
पण पाचही वर, चार-चार बोटं वर.
म्हणजे माथा खरवडायला हवा.
म्हणजे तो डाग.

मी काही बोललो नाही. चष्मा पुसला.
झिरमिर पडत होती, चुना ओघळायला लागला होता.
तू म्हणालीस, द्या ती पट्टी.
मी फक्त रेघ कुठल्या दिशेला धावते ते दाखवलं.

किती पातळ निघतो गाल एखाद्याचा,
फुंकरीने उडेल असा.
खाली ताजं लाकूड, मधासारखं, कुणाचंच नाही.

सहावा बार ठिपक्यात गेला.
तू हसली नाहीस. पुन्हा उचलून पाहिलीस,
डोळे मिटून, मग उघडून,
अनोळखी घरात दिव्याचं बटण
पहिल्या फटक्यात सापडावं तशी.

पैसे देऊन गेलीस. तुकडा मागे राहिला.
विसरलीस की ठेवलास, मी विचारणार नाही.
हे टेबल किती वर्षं एका पायावर डुगडुगत होतं;
आता बघ, कप भरून ठेवला तरी
थेंब सांडत नाही.