पोलो ग्राउंडवर विमान

काल रात्री पावणेबाराला
मी पोलो ग्राउंडवर विमान उतरवलं.
परवानगी नव्हती, धावपट्टी नव्हती.
चाकं गवतात दोनदा उडाली,
डावा पंख लिंबातून आरपार गेला
आणि लिंबाचं पानही हललं नाही.
मग इंजिन बंद करून
वाट बघत बसलो.

बाहेर रात्र, पण खेळात दुपार लावली होती.
वाटलं, कुणीतरी येईल.
शिट्टी फुंकत वॉचमन,
रनआउटचं भांडण अर्धवट टाकून पोरं,
नाहीतर शेंगवाला, टोपली सावरत,
"क्यांथी आव्या, भाई?"
एवढंच हवं होतं.
क्यांथी आव्या.
तीन-चार तऱ्हेची उत्तरं तयार ठेवली होती मी.

कोणी आलं नाही.
ढग मात्र अस्सल.
हवेचा दाब दशांशापर्यंत बरोबर.

मकरपुऱ्याच्या कारखान्यात चोवीस वर्षं मी सुया बघतो.
सुई थरथरली तर का थरथरली, ते मला कळतं,
म्हणून कॉकपिटातल्या सुयांना नावं ठेवणार नाही.
भाचा म्हणतो, मामा, याहून खरं काही नसतं.
तो पाच-पाच तास ढगांतून सिंगापूरला जातो
आणि उतरल्यावर किती गुण पडले ते कळवतो.
मला गुण नकोत,
मला खाली उतरायचंय.
दाराचं बटण आहे. दार उघडतं,
शिडी येऊन लागते,
आणि पायऱ्या तशाच राहतात,
कारण खेळणाऱ्याला पाय दिलेले नाहीत.

विश्वामित्रीवरून एकदा इतक्या खालून गेलो
की पुलाच्या कठड्याचे गज मोजावेत.
पाणी होतं, चकाकत होतं.
मगर नव्हती.
बडोद्याची नदी, आणि एक मगर नाही!
पुराच्या साली दिघ्यांच्या न्हाणीमागे जी निघाली,
तिला धरायला आलेल्या माणसाने
आधी अर्धा कप चहा मागितला होता,
आणि तो थंड होईस्तोवर मगरीकडे बघितलंही नव्हतं.
असलं काही ठेवायला काय हरकत होती,
नकाशाच्या कोपऱ्यात,
शोधेल त्याच्यासाठी.

दांडियाबाजारात आमचं घर शोधलं.
तिथे तपकिरी ठोकळा.
शेजारी तोच ठोकळा.
भरूचपर्यंत जाऊन आलो, तोच.

सुनीती दिवा घालव म्हणायला आली
आणि उशी काखेत धरून उभी राहिली.
"ते निळं छप्पर कुणाचं?"
पावागढच्या अलीकडे, शेतात, एकटंच.
ना रस्ता, ना विहीर.
कुणाचंच नाही, म्हटलं, संगणकाने टाकलंय.
"मग दोरीवर कपडे कसे?"
कपडे नव्हते ते. पांढरे ठिपके होते,
चित्रातली चूक असणार.
तरी मी घिरटी घेतली, वेग तोडला,
शेळ्या असत्या तर उधळल्या असत्या इतका खाली आलो.
"बाई आहे आत," ती म्हणाली.
"पंप बिघडलाय. नवरा सायकलवरून हालोलला गेलाय,
पाना आणायला."
कधी?
"सकाळी. आणि आता ऊन बघ कुठे आलंय."
एवढं बोलून झोपायला गेली.

आज कारखान्यात तीनदा डोक्यात आलं,
कितीचा पाना?
जुना पंप असेल तर ते माप हालोलला मिळायचं नाही.
तसाच पुढे गोध्र्याला गेला असेल का?
घरी काही सांगून गेलाय की नाही?

जेवलो, हरणीहून उडालो, पूर्वेला वळलो.
हालोलचा रस्ता खाली धरून चाललोय,
नजर एका सायकलीसाठी.
रस्ता कोरा आहे.
कपडे अजून दोरीवर.

सुनीती आतून विचारते, "आला का?"
"नाही अजून."
"मग राहू दे दिवा."

वारा पश्चिमेचा, बारा नॉट.
इंधन दीड तासाचं.
गोध्र्याकडेही एकदा बघून येईन म्हणतो.